जरा उजेडात दाखवा

मराठी मध्यमवर्गाने जगाच्या तत्त्वज्ञानात काही भर घातली असेल तर ती साडीच्या दुकानात घातली आहे, असं माझं फार दिवसांचं मत आहे. बस्त्याला निघालेल्या कोणत्याही मंडळींबरोबर जाऊन पाहा. पुढ्यात साड्यांचा डोंगर असतो. दुकानदार एक साडी फर्रकन उलगडतो आणि म्हणतो, "घ्या वहिनी, अस्सल आमसुली!" वहिनी डोळे बारीक करतात, साडी मावशींकडे देतात, मावशी ती नवऱ्यामुलीच्या आत्याकडे सरकवतात आणि मग कुणीतरी ते ऐतिहासिक वाक्य उच्चारतं, "जरा बाहेर उजेडात दाखवा हो!" लगेच साडी, मावशी, आत्या आणि या तिघींवर लक्ष ठेवायला दुकानातला एक पोऱ्या, अशी मिरवणूक फूटपाथवर येते. आत आमसुली असलेली साडी बाहेर वांगी निघते. पुन्हा आत नेली की पुन्हा आमसुली.

आता प्रश्न असा, की साडीचा खरा रंग कोणता?

या प्रश्नावर एखाद्या जर्मन तत्त्ववेत्त्याने तीन खंड लिहिले असते. मावशी तो एका वाक्यात सोडवतात. "लग्न सकाळचं आहे ना? मग वांगीच धरा." रंग कुठे आणि कशासाठी पाहायचा आहे हे ठरल्याशिवाय खरा कोणता ते ठरवता येत नाही, हा सिद्धांत मावशींनी फूटपाथवर, एका हातात पर्स धरून मांडलेला असतो. पण मावशी प्रबंध लिहीत नाहीत, त्यामुळे त्यांना डॉक्टरेट मिळत नाही.

हे सगळं आठवायला निमित्त झालं आमच्या भाच्याचं. निवृत्तीनंतर मी दहिवलीला राहतो. दहिवली म्हणजे कर्जतचंच एक अंग, उल्हास नदीच्या काठचं. मुंबईकराला कर्जत ठाऊक असतं ते लोकलच्या पाटीवरून आणि पुण्याला जाताना घाट चढण्यापूर्वी गाडीला मागून जोडल्या जाणाऱ्या इंजिनांवरून. त्या दोन-चार मिनिटांत वडापाव घेण्यापलीकडे कुणी डोकं बाहेर काढत नाही. काढलंच, तर एका बाजूला माथेरानचा डोंगर दिसतो, दुसऱ्या बाजूला सह्याद्रीची भिंत आणि मधे भातच भात. दसरा ते दिवाळी हा इथला सर्वांत देखणा काळ. हळवं भात कापणीला आलेलं, गरवं अजून हिरवं. डोंगरावरचं गवत खालून वर तांबूस होत जातं. तेरडा आपले तीन दिवस संपवून गेलेला असतो आणि बांधावर कुरडूचे तुरे उभे असतात. आपले पूर्वज याला शरद म्हणत. भाचा याला 'ऑटम' म्हणतो.

भाचा दर ऑक्टोबरात कॅमेरा घेऊन येतो. त्या कॅमेऱ्याची किंमत ऐकल्यापासून आमची ही त्याला चहा देताना ट्रे चार हात लांब धरते. पहाटे तो बांधावर जातो, दुपारी येऊन संगणकासमोर बसतो आणि संध्याकाळपर्यंत त्या फोटोंचे रंग 'दुरुस्त' करतो. पडद्यावर एकेका रंगाची एकेक पट्टी असते. ती डावीकडे ओढली की शेताला कावीळ होते, उजवीकडे ओढली की शेताचा हळदीसमारंभ.

"मामा," तो म्हणाला, "मला भडक काही करायचं नाही. फक्त रंग नॅचरल दिसायला हवेत."

'दिसायला' हा त्यातला महत्त्वाचा शब्द. जे नैसर्गिकच आहे त्याला नैसर्गिक 'दिसण्या'ची खटपट का करावी लागते? माझ्या ओळखीचे एक गृहस्थ गेली वीस वर्षं केसांना कलप लावतात. डबीवर छापलेलं असतं 'नॅचरल ब्लॅक'. आता बासष्टाव्या वर्षी निसर्गाने दिलेला रंग जर कुठला असेल तर तो डबीत नव्हे, डबीखाली आहे. याच्या उलट अनुभव दातांचा. कवळी करायला गेलो तेव्हा मी डॉक्टरांना म्हटलं, "पांढरेशुभ्र द्या." त्यांनी दातांच्या छटांचं एक कार्ड काढलं, माझ्या चेहऱ्याशेजारी धरलं आणि म्हणाले, "काका, शुभ्र दिले तर सगळेच्या सगळे खोटे दिसतील. थोडे पिवळट देतो, म्हणजे खरे वाटतील." तेव्हापासून मी खोटे असून खरे वाटणारे दात घेऊन खरं बोलण्याचा प्रयत्न करतो आहे.

तेव्हा फोटोच्या रंगाला हात लावणं म्हणजे खोटेपणा, असा सोवळा पवित्रा मला घेता येईना. शिवाय भाच्याने मला या यंत्राची कुळकथाच सांगितली. कॅमेऱ्याच्या पोटात जी चकती असते, तिच्यावरच्या प्रत्येक बारीक ठिपक्याला एकच रंग कळतो. निम्मे ठिपके हिरवा ओळखतात, पाव तांबडा, पाव निळा. कोडॅक कंपनीतल्या ब्राइस बायर यांनी 1976 साली या रचनेचं पेटंट मिळवलं आणि आजही बहुतेक कॅमेरे तिच्यावरच चालतात. उरलेले दोन रंग कुठून येतात? तर यंत्र शेजारच्या ठिपक्यांकडे पाहून हिशेब मांडतं. म्हणजे आपण ज्याला 'जसाच्या तसा' फोटो म्हणतो त्यातला दोनतृतीयांश रंग शेजाऱ्यापाजाऱ्यांना विचारून भरलेला असतो. आमच्या जुन्या चाळीत लोकांचं चारित्र्य याच पद्धतीने ठरत असे.

बरं, ही आजची गोष्ट नव्हे. ल्यूमिएर बंधूंचं नाव आपण ऐकलेलं असतं ते 7 जुलै 1896 रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात दाखवल्या गेलेल्या हलत्या चित्रांमुळे. त्याच बंधूंनी 1907 साली रंगीत फोटोची काच बाजारात आणली. तिच्यावर रंगवलेल्या बटाट्याच्या पिठाचे कण पसरलेले असत. म्हणजे रंगीत छायाचित्रणाची सुरुवातच मुळी उपासाच्या पदार्थातून झाली आहे. पुढे फिल्मा आल्या, आणि प्रत्येक फिल्म आपापल्या रंगाची. 1990 मध्ये फुजी कंपनीने वेल्व्हिया नावाची फिल्म काढली. तिच्यात हिरवं जरा जास्तच हिरवं आणि तांबडं जरा जास्तच तांबडं येई. निसर्गाचे फोटो काढणारे तिच्यावर लुब्ध झाले. आणि आपल्या घरातले सत्तर-ऐंशीच्या दशकांतले लग्नाचे अल्बम? त्यातला निळसर रंग कपाटातल्या अंधारातसुद्धा विरत गेला आणि तांबडा मागे राहिला. आता ते अल्बम उघडले की दोन्हीकडचे व्याही मानपानावरून भडकल्यासारखे लालबुंद दिसतात. काही जण खरोखरच भडकले होते, पण सगळे नव्हते. तो लाली चढलेला फोटो कुणी संगणकावर पूर्ववत केला तर त्याला मी खोटेपणा म्हणणार नाही. तो न्याय आहे.

मग खरं काय ते आपल्या डोळ्यांना विचारावं, तर डोळेही काही कमी नाहीत. घरातला जुना पिवळा बल्ब आणि दुपारचं ऊन यांच्या प्रकाशात जमीन-अस्मानाचा फरक. त्याचं माप केल्विनमध्ये सांगतात. बल्ब साधारण 2800, ऊन 5500 आणि सावली 7000 च्याही वर. पण आपण ओटीवरून माजघरात गेलो म्हणून धोतर पिवळं झालं असं आपल्याला वाटत नाही. मेंदू आतल्या आत हिशेब करून धोतर पांढरंच ठेवतो. कॅमेऱ्याला हा संसारी समजूतदारपणा नाही. त्याला सांगावं लागतं, की बाबा रे, हे पांढरं आहे असं समज.

कोजागिरीच्या रात्री तर भाच्याने कमालच केली. कॅमेरा तिकाटण्यावर ठेवून पुष्कळ वेळ उघडा ठेवला आणि जो फोटो आला त्यात आकाश निळं, भात हिरवंगार, भर दुपार वाटावी. कारण चांदणं म्हणजे चंद्रावरून उसळून आलेलं ऊनच. रंग त्यात असतात, आपल्या डोळ्यांना मात्र त्या मंद प्रकाशात ते धड दिसत नाहीत. म्हणजे यंत्राने जे टिपलं ते खरं होतं आणि दिसत होतं साफ खोटं. भाच्याने रंग उतरवून, थोडी निळसर राखाडी चढवून ते चांदणं खोटं केलं, तेव्हा आमची ही म्हणाली, "आत्ता कशी कोजागिरी वाटतेय!" आटीव दुधाचा पेला हातात धरून मी या वाक्यातल्या गहन अर्थाचा विचार करत राहिलो. दूध संपलं, विचार संपला नाही.

इथवर मी भाच्याच्या बाजूने होतो. पुढे त्याने एक तयार मसाला काढला. हल्ली फोटोंनाही तयार मसाले मिळतात. एक बटण दाबलं की सगळी फोडणी एकदम. त्या मसाल्याचं नाव 'ऑटम'. त्याने तो दहिवलीच्या फोटोवर टाकला आणि क्षणार्धात आमच्या वाडीतला आंबा, शेजारचा फणस आणि नदीकाठचं जांभूळ एकसाथ केशरी झाले. न्यू जर्सीतल्या पुतणीच्या अंगणात मॅपल असतो ना, तसे! आता तिकडे थंडीच्या चाहुलीने झाड पानातला हिरवा काढून घेतं, खालचा पिवळा उघडा पडतो, काही झाडं त्यात तांबडा नव्याने तयार करतात आणि मग पान गळतं. आमच्या आंब्याने जन्मात असला उद्योग केलेला नाही. त्याचं पान तांबूस असतं ते पालवी फुटताना. तीच गोष्ट पिंपळाची. आमच्या जंगलातला कोशिंब तर वसंताच्या तोंडावर असा लालभडक होतो की वणवा लागल्यासारखं वाटावं, पण ती नवी पालवी असते. तिकडचं लाल पान म्हातारं, आमच्याकडचं लाल पान तान्हं. त्या एका बटणाने आमच्या तान्ह्या पोरांना मिशा चिकटवल्या होत्या.

भाच्याने तो मसाला मुकाट्याने काढून घेतला. मग त्याने आवरून, सांभाळून, अगदी सात्त्विक हाताने एक फोटो केला. लांबच लांब शेत, सोनेरी पिवळं, मधे एक जास्त गडद सोनेरी गोल, मागे माथेरान. चांगला होता. खोटं बोलून काय करू, मलाही भिंतीवर लावावासा वाटला.

तेवढ्यात शेजारचे नाना आले. नाना म्हणजे जन्मभर भात लावलेला माणूस. फोटो त्यांच्याच शेताचा. आम्ही कौतुकाने दाखवला. नानांनी तो पाहिला, मग त्या मधल्या सोनेरी गोलावर बोट ठेवलं.

"भाऊ, हा पिवळा पिकल्याचा नाय. हा तुडतुड्याचा."

तुडतुडे भाताच्या बुडाशी, पाण्यालगत बसतात आणि रस शोषतात. वरून बघणाऱ्याला काही दिवस पत्ताच लागत नाही. मग शेताच्या मधेच वाळलेल्या भाताचे गोल पडत जातात, करपल्यासारखे. भाच्याने पिवळ्याची पट्टी उजवीकडे ओढली तेव्हा पिकलेलं भात सोनेरी झालं आणि त्याच न्यायाने मेलेलं भातही सोनेरी झालं. पट्टीला दोन्ही पिवळेच. नानांना ते दोन वेगळे रंग होते, कारण त्या दोन रंगांमधे त्यांचं वर्ष होतं.

"आणि हे पलीकडचं गरवं एवढं हिरवं कशाने?" नानांनी पुढे विचारलं. "युरिया जास्त झालेलं भात दिसतंय. असल्यावर तुडतुडा धावत येतो." भाच्याने संगणकावर बसल्या बसल्या शेताला दोन गोणी युरिया घातला होता.

मला तेव्हा एक नवल कळलं. भाताच्या पानाचा रंग पाहून युरिया किती द्यायचा ते ठरवायला फिलिपाइन्समधल्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने पुढे आणलेली एक प्लॅस्टिकची पट्टी आहे. तिच्यावर फिक्या हिरव्यापासून गडद हिरव्यापर्यंत चौकटी असतात. शेतातली दहा पानं एकेक करून तिच्यावर ठेवायची, निम्म्याहून जास्त पानं ठरलेल्या चौकटीपेक्षा फिकी निघाली तर खत द्यायचं. आणि त्या पट्टीची अट काय? पान उन्हात पाहायचं नाही. उन्हाकडे पाठ करून आपल्या अंगाच्या सावलीत पाहायचं. शक्यतो दर खेपेला त्याच माणसाने, त्याच वेळी. साडीवाल्या मावशी उजेडात जातात, भातवाला सावलीत जातो, पण दोघांचं म्हणणं एकच. निर्णय घ्यायचा असेल तर प्रकाश ठरलेला पाहिजे.

'निर्णय' म्हटलं आणि भाच्याच्या छंदाला एकाएकी वजन आलं. कारण शेताचा फोटो आता केवळ भिंतीवर लावायची वस्तू राहिलेला नाही. 15 ऑगस्ट 2021 पासून महाराष्ट्रात ई-पीक पाहणी आली. शेतकऱ्याने स्वतः शेतात उभं राहून, फोनवरून पिकाचा फोटो पाठवायचा आणि ते पीक सातबाऱ्यावर चढायचं. परतीच्या पावसाने भात आडवं केलं, लोंब्या चिखलात काळ्या पडल्या, की नुकसानीच्या पंचनाम्याबरोबरही फोटो लागतो. आणि हल्लीचे पुष्कळ फोन इतके अगत्यशील, की समोर हिरवळ दिसली की न विचारता ती आणखी हिरवी करतात. फोनला वाटतं, पाहुणा सहलीला आला आहे. तो पाहुणा नुकसान दाखवायला उभा आहे, हे त्याला कोण सांगणार? काळवंडलेलं शेत ताजंतवानं करून देणं हा सौंदर्यदृष्टीचा प्रकार असेल, पण नानांच्या दृष्टीने तो साक्षीदार फोडण्याचा प्रकार आहे.

याच्या उलट्या टोकाला इथल्या प्लॉटच्या जाहिराती. 'निसर्गाच्या कुशीत', बारमाही हिरवंगार. जुलैत काढलेला फोटो, त्यावर आणखी हिरवा. गिऱ्हाईक मे महिन्यात येतं तेव्हा निसर्गाची कुस तपकिरी असते आणि विहिरीत बादलीचा आवाज येतो.

भाचा मात्र सहजासहजी हरणारा नव्हे. तो म्हणाला, "मामा, पण मी पहाटे तिथे उभा होतो ना, तेव्हा मला ते शेत खरंच सोनेरी वाटलं होतं. गार वारा होता, भाताचा वास होता, कुठेतरी टिटवी ओरडत होती. यातलं काहीच फोटोत येत नाही. मग त्याची भरपाई मी थोड्या रंगाने केली तर बिघडलं काय?"

हा मुद्दा खरा आहे आणि तो मी हसण्यावारी नेणार नाही. रंगांचा अभ्यास करणाऱ्यांनी तपासून पाहिलं आहे, की आठवणीतलं गवत असतं त्यापेक्षा हिरवं असतं आणि आठवणीतलं आकाश असतं त्यापेक्षा निळं. जिव्हाळा म्हटला की थोडा रंग जास्त चढायचाच. आपल्या आजीच्या हातची आमटी आपण सांगतो तितकी चांगली खरोखरच होती का, हे तपासायला कुणी जाऊ नये.

पण मला वाटतं, रंगाला हात लावण्याचे तीन प्रकार आहेत. धुक्याने, यंत्राने किंवा वयाने जे हिरावून घेतलं ते परत देणं हा न्याय. जे होतं त्यात प्रेमापोटी चमचाभर जास्त घालणं ही स्तुती, आणि स्तुती घरच्या भिंतीवर शोभते. पण बघणाऱ्याने ज्या गोष्टीवरून काहीतरी ठरवायचं आहे, ती गोष्टच रंगाखाली नाहीशी करणं ही फसवणूक, मग ती कितीही सात्त्विक हाताने केलेली असो. आणि यातलं कुठलं कुठे संपतं हे पट्टी किती मिलिमीटर ओढली त्यावरून ठरत नाही. ते ठरवायला नाना लागतात. ज्याचं शेत आहे त्याने फोटो पाहून "हो, हे माझंच, आणि हे असंच होतं" असं म्हटलं, तर रंग नैसर्गिक. मग केल्विन काहीही म्हणो.

भाच्याने नानांना शेजारी बसवून घेतलं. नाना सांगत होते, भाचा पट्टी सरकवत होता. "थांब, थांब, थोडा मळवट... तिथं राख दिसू दे... हां." शंभरात ऐंशी-पंच्याऐंशी दाणे वाळल्या गवताच्या रंगाचे झाले की भात कापायला घ्यावं असं कृषीवाले सांगतात. नाना आकडे न मोजता तेच सांगत होते. शेवटी जो फोटो झाला तो पहिल्यापेक्षा कमी देखणा होता. त्यात एक दुखरा, राखट गोल होता. पण त्या गोलामुळे आजूबाजूचं पिकलेलं भात किती पिकलेलं आहे, ते प्रथमच दिसलं.

मी नानांना विचारलं, "पिकलेल्या भाताच्या या रंगाला तुमच्यात काय म्हणतात?" आमसुली, मोतिया, श्रीखंडी, शेवाळी असा एखादा घसघशीत शब्द मिळेल असं मला वाटलं होतं. नानांनी माझ्याकडे जरा दयेनेच पाहिलं.

"काय म्हणायचं? पिकलं म्हणतात."

आपली भाषा मोठी हुशार आहे. भात पिकतं तेव्हा पिवळं होतं, आंबा पिकतो तेव्हा केशरी, करवंद पिकतं तेव्हा काळं, विड्याचं पान पिकतं तेव्हा फिकुटतं आणि माणसाचे केस पिकतात तेव्हा पांढरे. पाच रंग आणि क्रियापद एक. संगणकावर तांबड्याची पट्टी आहे, पिवळ्याची आहे, निळ्याची आहे. पिकण्याची पट्टी अजून कुणी काढलेली नाही. निघेल तेव्हा त्या कलपवाल्या गृहस्थांना कळवायला हवं.